तारापोरवाला कुठे राहतात?

मंडळी, आपल्या कॉलेजात हजेरी घेणं हा एक करमणुकीचा कार्यक्रम असतो. सर 'पाटील' म्हणाले की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळीकडून 'प्रेझेंट सर' येतं. सर चष्मा वर करून विचारतात, "कुठला पाटील?" आणि मागून उत्तर येतं, "सर, जळगावचा." राऊत, चौधरी, ठाकूर, म्हात्रे यांचंही थोडंफार तेच. माझं आडनाव मात्र सर एकदाच उच्चारतात, आणि तेही चुकीचं. दर सेमिस्टरला नवे सर, दर सेमिस्टरला नवा उच्चार.

ते आडनाव अनुक्रमणिकेत छापलेलं असेलच (बरोबर छापलं गेलं असेल तर!), म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांगते की ते 'कर'वर संपतं. ज्या गावावरून पडलं ते गावसुद्धा नाही, रत्नागिरी जिल्ह्यातली एक वाडी आहे, आणि तिथे आमच्या घरातलं कोणी गेल्या चार पिढ्यांत राहिलेलं नाही.

आमचे बाबा आर.एम.एस.मध्ये होते. आर.एम.एस. म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. रात्रपाळीला बसून पत्रांच्या गठ्ठ्यांतून एकेक पाकीट उचलायचं, पत्ता वाचायचा आणि त्या त्या गावाच्या खणात टाकायचं, हे त्यांचं काम. वाचायचं असतं फक्त गाव आणि पिनकोड. बाबा नावही वाचायचे. सवयच ती. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत किती पाकिटं हातांखालून गेली असतील याचा हिशोब नाही, पण आमच्या आडनावाची पाकिटं किती निघाली याचा आहे. चार! प्रत्येक वेळी बाबांनी पत्ता उतरवून घेतला आणि पदरमोड करून एक कार्ड टाकलं, 'आपण कोण, कुठले, मूळ वाडी तीच का?' चारांतला एक निघाला दुसऱ्याच आडनावाचा, पत्ता लिहिणाऱ्याचं अक्षर तसं होतं. एक कार्ड 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आलं. इंदूरहून आणि हुबळीहून मात्र उत्तरं आली. हे सगळं एका निळ्या डायरीत लिहिलेलं आहे. आमच्या घरात लग्नाच्या अल्बमनंतर जास्त जपलेली वस्तू कुठली, तर ती.

ही डायरी मला फार वर्षं बाबांचा छंद वाटायची. पण आमच्या विंगमध्ये जर्मनीला एम.एस. करायला जायचं म्हणून जर्मन शिकणारी एक मुलगी आहे. तिने सांगितलं की तिकडे हेच काम विद्यापीठातली माणसं करतात. २००५ सालच्या टेलिफोन जोडण्यांची यादी घेऊन त्यांनी सगळ्या जर्मनीतल्या आडनावांचे नकाशे काढले, कुठलं आडनाव कुठे दाट, कुठे विरळ, आणि त्याचे जाडजूड खंड छापले. जर्मनीत सगळ्यात जास्त माणसं म्युलर आडनावाची. म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. चक्की प्रत्येक गावात, म्हणून म्युलरही प्रत्येक गावात.

मी लगेच म्हटलं, म्हणजे आपले पाटील! पाटीलकी हे वतन. गाव तितके पाटील. जळगावचा पाटील आणि सातपाटीचा पाटील यांचा एकमेकांशी काही संबंध असायची गरज नाही, जातही वेगळी असू शकते. तेच देशपांडे, कुलकर्णी, चौधरी यांचं. असं आडनाव एका ठिकाणी उगवत नाही, हजार ठिकाणी एकाच वेळी उगवतं, आणि मग हजेरीपटात गर्दी करतं. आमच्या वाडीसारखं आडनाव एकदाच, एकाच ठिकाणी उगवतं. म्हणजे आडनाव दुर्मिळ का, याचं अर्धं उत्तर ते जन्मलं कसं यातच असतं. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येते, त्यासाठी दोन नाणी लागतील.

'कर' आडनावाची एक गंमत बघा. ते गावावरून पडतं पण गावात पडत नाही. तारापूरमध्ये कोणी कोणाला तारापूरकर कशाला म्हणेल? तिथे सगळेच तारापूरचे. तुम्ही गाव सोडून दुसरीकडे गेलात, तिथल्या लोकांनी विचारलं 'कुठले हो हे?', की मग 'कर' चिकटतो. डहाणूकर कॉलनी पुण्यात आहे आणि डहाणूकर कॉलेज पार्ल्यात. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं आणि ते गाजलं ते गोव्याबाहेर. ज्याच्या आडनावात गाव आहे, तो बहुतेक त्या गावात नाही असंच धरून चालावं.

मागच्या सेमिस्टरला बाबा माझ्या एका फॉर्मवर सही करायला पालघरला आले होते. काम अर्ध्या तासात झालं. म्हटलं, आता काय करू या? बाबा म्हणाले, "तारापूर इथून जवळ ना? चल, तारापोरवाला कुठे राहतात ते बघून येऊ." सत्कार-समारंभ नको, चहा नको, त्यांना आडनाव बघायचं होतं.

पालघरहून लोकलने बोईसर. बोईसरला उतरल्यावर तारापूर हे नाव ठिकठिकाणी दिसतं, पण तारापूर दिसत नाही. तारापूर औद्योगिक वसाहत आहे ती बोईसरला. तारापूरचं अणुवीज केंद्र, जिथे १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तयार झाली, तेही तारापूर गावात नाही, गावाच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आहे. खरं तारापूर गाव चिंचणीच्या शेजारी, खाडीच्या अल्याड-पल्याड जोडीने वसलेलं. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी वसाहतीत इंडस्ट्रियल व्हिजिट केली असेल, गावात किती जण गेलेत? हात वर करा!

गावात समुद्राच्या बाजूला किल्ला आहे. पोर्तुगिजांचा. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला, आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर इथे पडले. बाबा किल्ल्यापेक्षा या नावापाशीच थांबले. "बघ, रेठऱ्याचा माणूस तारापुरात गेला. हा खरा 'कर'."

किल्ल्याकडून परत येताना जुन्या वळणाची, मोठ्या पडव्यांची घरं लागली. त्यातली काही पारशी मंडळींची. बऱ्याच दारांना कुलपं होती. कोपऱ्यावरच्या दुकानात बाबांनी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या आणि विचारलं, "इथे तारापोरवाला कोणी आहेत का हो?"

दुकानदार सुटे पैसे मोजता मोजता म्हणाले, "काका, तारापोरवाला मुंबईला. इथे तारापोरवाला कशाला असतील?"

बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी पाव किलो गोळ्या घेतल्या.

पारशांमध्ये पूर्वी आपल्यासारखंच स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एवढ्यावर भागायचं. इंग्रजी अमलात शाळा, कोर्ट, कंपनी यांच्या रजिस्टरांना आडनाव लागायला लागलं, आणि मग कोणी धंद्यावरून इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर झालं, कोणी गावावरून भरुचा, बिलिमोरिया, पूनावाला. तारापूर सोडून गेलेल्यांपैकी काही तारापोर, काही तारापोरवाला. सगळे नाही बरं का. याच तारापूरचे विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी हे भाऊ एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात मोठे सावकार होते. सिकंदराबादला १८४७ ची अग्यारी त्यांच्या नावाची आहे. त्यांच्या वंशजांनी गाव नाही घेतलं, पूर्वजाचं नाव घेतलं आणि ते झाले विकाजी. एका गावातून निघालेली दोन घरं, दोन वेगळी आडनावं. आडनावावरून मूळ शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं, नाहीतर सख्ख्या शेजाऱ्याला परका आणि परक्याला भाऊबंद ठरवून मोकळे.

आता एवढ्याशा गावाच्या या आडनावाने काय काय केलंय बघा. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे प्रमुख, १९६५ च्या युद्धात सियालकोट भागातल्या लढाईत १६ सप्टेंबरला शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या घराण्याबद्दल असं सांगतात की रतनजीबा नावाच्या पूर्वजाने शिवाजी महाराजांच्या सैन्यात पराक्रम केला, त्याला शंभर गावं मिळाली, आणि त्यातलं मुख्य गाव तारापूर. आता शिवकाळात तारापूर पोर्तुगिजांकडे होतं, तेव्हा हा हिशोब कसा बसवायचा ते इतिहासवाल्यांनी बघावं. घराण्याच्या गोष्टी अशाच असतात, आमच्याही घरात एक आहे आणि तिच्यात तर वाघ आहे.

रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. तारापोर. रुपया कितपत मोकळा सोडायचा यावरची १९९७ ची तारापोर समिती ती त्यांची. इराच तारापोरवाला हे कलकत्ता विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवणारे, झरथुष्ट्राच्या गाथांचा अनुवाद करणारे विद्वान. 'सलाम बॉम्बे' हा १९८८ चा सिनेमा लिहिला सुनी तारापोरवाला यांनी. मुंबईत १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आपल्यातल्या मुंबईकरांनी शाळेच्या सहलीत पाहिलंच असेल. केकी तारापोर यांनी १९४८ साली वेस्ट इंडीजविरुद्ध एक कसोटी खेळली. आणि बंगळूरला लहानग्या राहुल द्रविडला शिकवणारे प्रशिक्षक केकी तारापोर हे दुसरेच! आडनाव दुर्मिळ, आणि त्यातही एकाच खेळात एकाच नावाची दोन माणसं. आमच्या वर्गात दोन 'पाटील अमोल' आहेत तेव्हा मी हे त्यांना मुद्दाम सांगितलं.

सगळ्यात मला काय आवडलं सांगू? २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या एकवीस बिननावाच्या बेटांना परमवीर चक्रविजेत्यांची नावं दिली. त्यातल्या एकाचं नाव तारापोर द्वीप. म्हणजे गावावरून माणसाचं नाव पडलं आणि माणसावरून पुन्हा जमिनीला नाव पडलं. आता पुढेमागे त्या बेटावर कोणी राहायला गेलं आणि तिथून बाहेर पडलं, तर त्याला लोक काय म्हणतील, या विचाराने बाबा परतीच्या गाडीत एकटेच हसत होते.

खाडीपलीकडच्या चिंचणीत राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडलेत. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. तेव्हा संजाण भागाचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता आणि ताम्रपटात त्याचं नाव आहे 'मधुमती'. अभ्यासक म्हणतात की हे 'मोहम्मद'चं संस्कृत रूप. हजार वर्षांपूर्वीचा कारकूनसुद्धा परक्या नावाचं आपल्या तोंडाला जमेल तसंच करत होता, तर आमच्या सरांना काय बोलणार!

बरं, आता नाणी काढा.

इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या लक्षात आलं की मोठमोठ्या घराण्यांची आडनावं नाहीशी होतायत. १८७३ साली त्यांनी एका मासिकात हे गणित म्हणून घातलं. प्रत्येक पुरुषाला शून्य, एक, दोन, तीन असे मुलगे होण्याच्या शक्यता ठरलेल्या असतील, तर आडनाव किती पिढ्यांत संपेल? वॉटसन नावाच्या पाद्रीबाबांनी ते सोडवलं, आणि उत्तर काढलं की प्रत्येक आडनाव कधी ना कधी संपणारच. रीत बरोबर होती, पण समीकरणाला दोन मुळं होती आणि त्यांनी एकच पाहिलं. (एम-थ्रीच्या पेपरात मार्क गेलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये, परंपरा जुनी आहे.) सरासरी मुलगे एकाहून जास्त असतील तर आडनाव वाचण्याची शक्यता शून्य नसते. एक किंवा त्याहून कमी असतील तर मात्र वॉटसनच बरोबर.

आम्ही हे मेसच्या टेबलावर करून पाहिलं. प्रत्येक 'पुरुषाने' दोन नाणी उडवायची, जितके छापे तितके मुलगे. सरासरी बरोबर एक पडते. वीस आडनावं घेतली, प्रत्येकाचा एकच माणूस. (वॉर्डन मॅडमना वाटलं जुगार चाललाय. समीकरण दाखवल्यावर त्या गेल्या, पण नाणी मोजून गेल्या.) पहिल्याच फेरीत पाच संपली. पाच पिढ्या झाल्या तेव्हा विसातली सात उरली होती. कागदावर गणित केलं तर पाच पिढ्यांत शंभरातली साठ संपायला हवीत आणि दहा पिढ्यांत चौऱ्याहत्तर. आणि गंमत म्हणजे उरलेल्या सातांत एकाचे सहा पुरुष झाले होते. लोकसंख्या साधारण तेवढीच, आडनावं मात्र कमी कमी होत जातात आणि उरलेली फुगतात. यात कोणाचा दोष नाही, कोणाचा पराक्रम नाही. नुसती नाणी.

लोटका नावाच्या शास्त्रज्ञाने १९३१ साली अमेरिकेच्या १९२० च्या जनगणनेवरून गोऱ्या पुरुषांचे आकडे घातले. तिथे सरासरी मुलगे सव्वाहून किंचित जास्त, म्हणजे लोकसंख्या चांगली वाढती. तरीही एका माणसापासून सुरू झालेलं आडनाव कधी ना कधी संपण्याची शक्यता निघाली शंभरात ब्याऐंशी. वाढत्या देशात ही गत! पारशांची तर संख्याच उतरती. जनगणनेत १९४१ साली देशात १,१४,८९० पारशी होते, २००१ ला ६९,६०१ आणि २०११ ला ५७,२६४. त्यांच्यात तारापोर आणि तारापोरवाला मिळून किती, आणि त्यातही कोणी शेवटी 'वाला' लावतं, कोणी नाही, इंग्रजीत कोणी डब्ल्यू लिहितं, कोणी व्ही. मोजायला बसलात तर एकच आडनाव चार वेगळी दुर्मिळ आडनावं होऊन बसतं.

आता मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी जरा कान द्या. हेच समीकरण अणुभट्टीचं आहे. अणुबॉम्बचं काम चाललं होतं त्या लॉस अलामॉसमध्ये १९४४ साली हॉकिन्स आणि उलम यांनी न्यूट्रॉनसाठी हे गणित मांडलं. युरेनियम-२३५ चा अणू फुटला की सरासरी दोन-अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात. काही निसटतात, काही नुसतेच शोषले जातात, काही पुढचा अणू फोडतात. पुढे फोडणारे सरासरी बरोबर एक असतील तर भट्टी स्थिर चालते. याला के बरोबर एक म्हणतात. मुलगे सरासरी एक, तेच हे. मग प्रश्न पडतो की के एक असताना आमची मेसमधली आडनावं पटापट मेली, तर तारापूरची भट्टी विझत का नाही?

उत्तर असं की एकेका न्यूट्रॉनचं घराणं तिथेही संपतच असतं. पण एका वेळी घराणी इतकी असतात की एक संपलं तरी पत्ता लागत नाही, आणि वर के जरा घसरला की नियंत्रक कांड्या हलवून तो पुन्हा जागेवर आणतात. त्यातच एक टक्क्याहूनही कमी न्यूट्रॉन उशिरा, काही सेकंदांनी बाहेर पडतात. त्या उशिरा आलेल्यांमुळेच कांड्या हलवायला वेळ मिळतो. पाटील म्हणजे भरलेली अणुभट्टी, चार घरं संपली तरी उष्णता तीच. आमचं आडनाव म्हणजे रिकाम्या खोलीत सोडलेला एक न्यूट्रॉन. आणि कांड्या हलवायला कोणी बसलेलं नाही.

जुन्या काळी आडनावं मरत होती तशी नवी जन्मतही होती. कोणी गाव सोडलं की एक नवा 'कर' तयार. आता तो कारखाना बंद झालाय. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पॅन, सगळीकडे आडनाव खिळ्याने ठोकलेलं. बोईसरला वसाहत झाल्यापासून कुठून कुठून माणसं आली आणि कुठे कुठे गेली, पण बोईसरकर मला अजून भेटलेला नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी, ज्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या, पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली. दोनशे वर्षांपूर्वी असं झालं असतं तर ती माणसं जिथे गेली तिथे पोफरणकर, अक्करपट्टीकर झाली असती, आणि गाव नकाशावरून गेलं तरी हजेरीपटात राहिलं असतं. आता ती आपल्या जुन्या आडनावांनिशी दुसरीकडे गेली. त्यांच्या नातवंडांच्या नावात पोफरण कुठेच असणार नाही. आमच्या वाडीचं नाव निदान माझ्या मार्कशीटवर तरी आहे, चुकीच्या स्पेलिंगमध्ये का होईना.

गाल्टनच्या गणितात मुली मोजत नाहीत. नाणं काटा पडलं की मुलगा नाही, म्हणजे तिथे कोणी नाही. मेसमध्ये नाणी उडवताना हे पहिल्यांदा माझ्या रूममेटच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अगं, म्हणजे या टेबलावर बसलेल्या आपण सगळ्या काटाच!" सगळ्या खूप हसल्या. मीही हसले. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. बाबांना भाऊ नाही. दोन नाणी, दोन काटे.

ताईचं लग्न गेल्या वर्षी झालं. सासरचे चांगले आहेत, आडनाव बदलच असं कोणी म्हटलं नाही. पण व्हिसासाठी कागदपत्रं सारखी असली की बरं, असं कोणीतरी सुचवलं आणि तिने बदललं. आमच्या घरात यावर एक शब्द बोलणं झालं नाही. बाबा तर उलट गॅझेटच्या अर्जासाठी स्वतः तिच्याबरोबर गेले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात स्वतःच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लागतं. पण नाव आईचं लागतं, आडनाव नाही. तेव्हा त्याने गाल्टनच्या समीकरणात फरक पडत नाही, हे मी बाबांना फोनवर समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मुलीने मुलाला आपलं आडनाव द्यायचं ठरवलं, तर तुझं ते के किती होतं?"

मी म्हटलं, "साधारण दुप्पट, बाबा." आमच्या उदाहरणात ते खरंच दोन होतं, आणि दोनाचं उत्तर एकाच्या उत्तरापेक्षा फार वेगळं असतं. आई आणि वडील दोघांचंही आडनाव लावून बघा म्हणाल, तर ते गणित निराळं. चार पिढ्यांत सोळा आडनावं होतील आणि युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवरच्या चौकोनांत मावणार नाहीत.

दिवाळीत घरी गेले तेव्हा निळी डायरी पहिल्यांदा नीट वाचली. शेवटच्या पानांवर आमच्या आडनावाच्या माणसांची यादी आहे. इंदूरचं घर, हुबळीचं घर, बाबा, आई. मग ताई आणि मी. मला वाटलं होतं ताईच्या नावावर काट मारलेली असेल. नव्हती. नावापुढे बारीक अक्षरात तिचं नवं आडनाव, तारीख आणि पुण्याचा पत्ता पिनकोडसकट. खाली मी, आणि माझ्यापुढे आपल्या होस्टेलचा पत्ता, खोली नंबर आणि पिनकोड ४०१४०४. हा पिन पालघरचा आहे ना, की बोईसरचा, असं बाबांनी मला त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली.